हातचा

मार्चअखेर. चोपड्यात दुपारी डांबर चपलेला धरून ठेवतं.
भंगाळे ट्रस्टकडे यंदा शिल्लक
चार लाख वीस हजार,
आणि बाहेर बाकावर झेलाबाई, लासूरहून आलेली,
शेजारी गोरख, वय नऊ, ओठ जांभूळ खाल्ल्यासारखे.
हृदयाला भोक.
ऑपरेशनचा अंदाज: चार लाख वीस हजार.
देवालाही कधी कधी आकडे जुळवायची खोड असते.

दुसऱ्या फायलीत वैजापूरच्या वरचे चौदा पाडे.
सापाच्या विषावरची इंजेक्शनं ठेवायला फ्रिज,
फ्रिजला बॅटरी,
म्हणजे तीन दिवस वीज गेली तरी औषध नासणार नाही.
जुन्या नोंदी काढून मीच मांडला हिशोब,
आधी पेन्सिलीने, मग पेनाने:
दहा वर्षांत अठ्ठावीस पोरं. कमीत कमी.

शेठ म्हणाले, "नेहेते, तुम्ही सांगा."
मी सांगितलं.
सही झाली, चहा आला,
आणि बाकापर्यंत जायचं काम
कुणी वाटून घेतलं नाही.

मी तिला समजावलं. अठ्ठावीस, चौदा, बॅटरी.
ती ऐकत होती, फडक्यातली कळण्याची भाकरी सोडत.
"त्या पोरे कोना शेतस, भाऊ?"
मला एकाचंही नाव सांगता येईना.
त्यांना अजून साप चावलाच नव्हता.
बराच वेळ ती गोरखच्या नखांकडे पाहत राहिली.
मग म्हणाली, "त्यासले बी माय व्हईच ना."
आणि अर्धी भाकरी पुढे केली,
"जेवना का भाऊ?"

तिनं शिव्या द्यायला हव्या होत्या.
शिव्यांना उत्तर होतं माझ्याकडे, तयार, फायलीत.

श्रावणात वैजापूरला गेलो.
सिस्टरनं रजिस्टर उघडलं: तीन नावं, तीन अंगठे,
तिघंही आपल्या पायांनी घरी गेलेले.
"एक जण बाजारात आलाय, बोलवू?"
मी नको म्हटलं.
फ्रिजच्या अंगावर तळहात ठेवून उभा राहिलो.
आत बारीक घरघर,
लहान पोर झोपेत श्वास घेतं तशी.

माझा हिशोब बरोबर होता. आजही आहे.
पुन्हा तोच बाक, तीच बाई आली
तरी मी तेच सांगेन.
फक्त दर मंगळवारी स्टँडवर जातो,
लासूरच्या गाडीचा कंडक्टर ओळखीचा आहे.
तो म्हणतो, दिसला होता पोरगा.
कधी म्हणतो, लक्ष नव्हतं बुवा.
आणि पगारातून एक पाकीट
जळगावच्या दवाखान्यात जमा होतं, गोरखच्या नावानं.
त्या पैशात पाड्यावर काय काय झालं असतं,
हा भागाकार मला येतो.
मी तो करत नाही.

हातचा एक बोटावर धरून ठेवायचा,
गुरुजी शिकवायचे,
लिहायचा नाही, विसरायचा नाही,
पुढचं घर आलं की मिळवायचा.

पुढचं घर लासूरला आहे.
गाडी पाच दहाला.