कोड

अमळनेरात, स्टेशन रोडला, झेरॉक्सच्या वरच्या खोलीत
मी कोड लिहितो, कोडासाठी.
पहिल्या दिवशी हसू आलं होतं या श्लेषाचं.
आता येत नाही.

टॉर्चएवढं यंत्र. तोंडाशी नऊ एलईडी,
जांभळट, जवळजवळ न दिसणारा उजेड.
फोन सांगेल तेव्हा लागायचं,
फोन सांगेल तेव्हा विझायचं:
आज चाळीस सेकंद, परवा चव्वेचाळीस,
कातडी लाल झाली तर थांब.

बाहेर मे. पारा पंचेचाळीस.
गच्चीवरचे पापड तासाभरात वाकडे होतात,
आणि मी उजेड बनवतोय.
खाली टपरीवर धुडकू अप्पा विचारतात,
'खान्देशमा ऊन कमी पडनं का रे भो?'
नाही अप्पा. पण ऊन मोजून येत नाही.

चोपड्यापलीकडून रत्नप्रभा जायची जळगावला,
आठवड्यातून तीनदा, एसटीने,
चाळीस सेकंदांसाठी पाच तास.
मनगटावर रुपयाएवढं, बांगड्यांत अर्धं लपणारं.
पहिला नग तिला दिला.

महिन्याने नोंदी उघडल्या.
बारापैकी दोन.
बॅटरी ठीक, ब्लूटूथ ठीक, माझ्या ओळी ठीक.
शेवटी नंबर फिरवला. पुरुषाचा आवाज,
मागे ट्रकचा हॉर्न:
'कोन बोली ऱ्हायना?'

फोन भावाचा.
भाऊ केळी घेऊन इंदूरच्या पुढे,
यंत्र गोधडीच्या घडीत.

तरंगलांबी, ताप, चार्जिंग, सगळं सोडवलं होतं मी.
फोन कुणाच्या खिशात राहतो
एवढं विचारायचं राहिलं.

मग एक बटण बसवलं,
जुन्या रेडिओला असायचं तसलं, कट्‌ वाजणारं.
दाबलं की यंत्र आजचा हिस्सा स्वतःच आठवतं.
पुन्हा दाबलं तर ऐकत नाही.

तिने बघितलं, उलटंसुलटं केलं. म्हणाली,
'ते शेवटले टीं टीं वाजस ना, ते काढी टाका.
भिंतना पलाडे पाव्हना बठेल ऱ्हातस.'
आणि हे कट्‌ पण.

टीं टीं ची एकच ओळ होती, पुसली.
कट्‌ साठी बटणाखाली
सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.

काल भावाच्या नंबरवरून फोटो आला.
मजकूर नाही. नुसतं मनगट,
बांगड्या वर सारलेल्या.
पांढऱ्यात, केसांच्या मुळाशी, तपकिरी ठिपके,
तीळ सांडावेत तसे.
मोठं करून मोजले. पाच.
सहावा, बोट फिरवलं तर,
माझ्याच काचेवरची धूळ निघाली.