पूर्णविराम आत

फळ्यावर सेड लिहिलं, त्यापुढं स्वल्पविराम,
मग वरच्या अंगाला दोन शेपटीची टिंबं.
सर, ह्या बोंडअळ्या वरतं काहून लटकवल्या?
मागच्या बाकावरून विक्रांत कुमरे.
सातवीचा वर्ग हसला. मीही.

मग सांगितलं : बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर मोठं,
तो सरपंच असो की ढोरकी.
बोलून झालं की पूर्णविराम आत घ्यायचा,
मगच दार लावायचं.
आपल्याकडं नुसतं म्हने जोडलं की भागतं.

गृहपाठ दिला : घरातल्या कोणाचंही एक वाक्य.

रात्री घाटंजी फीडरची लाईन गेली.
मोबाईलच्या उजेडात वह्या.
कोणाची आई गोठा झाड म्हणते, स्वल्पविरामाशिवाय.
आचल टेकामनं लिहिलंय : माय फादर सेड,
चिन्हं उघडली,
बोटभर जागा कोरी,
चिन्हं मिटली.

तिचा बाप पोळ्यापासून बोलत नाही.
कारण गावातल्या प्रत्येकाकडं आहे,
शेवटी म्हने लावलेलं.

पूर्णविराम तेवढा राहिला होता.
लाल पेन उघडून किती वेळ बसलो.
बाहेर दिला तर चूक.
आत दिला तर त्याचं बोलणं
मीच संपवल्यासारखं.

सकाळी ती टेबलाशी उभी :
सर, माह्या वहीवर टिकच नाही