हातचा

कागदावर दोन रेषा आहेत.
निळी आमची, तांबडी त्यांची.
खाली वर्षं, डावीकडे घनमीटर,
आणि मधे एका वर्षावर
दोघी एकमेकींना छेदून जातात,
बाजारात समोर आलेल्या, न बोलणाऱ्या जावांसारख्या.

साहेबांना उद्या दहापर्यंत तक्ता हवाय.
सिबूच्या या कचेरीत पंखा घरघरतो,
खाली राजांग नदी, दूध जास्त झालेल्या चहासारखी.
मी समारिंडाला फोन लावते.
हमदियाचा आधी खोकला येतो, मग आकडा.
ती म्हणते कायु लापिस,
मी म्हणते पापान लापिस.
भाषा एकच म्हणा ना,
फळीला मात्र सरहद्द ओलांडली की दुसरं नाव.

तिची रेषा आधी चढली.
गोल ओंडके बाहेर धाडणं बंद झालं त्यांच्याकडे,
महाकामच्या काठी गिरण्याच गिरण्या,
तेव्हा आमची निळी
जमिनीलगत रांगत होती.
मग तिची वाकली, आमची उठली.
मग आमचीही वाकली.
अहवालात याला एकच शब्द आहे : घट.

आमची उठत होती त्या वर्षांत
आपाय सोलणीच्या यंत्रावर होता.
ओंडका गरगर फिरायचा, पातं टेकायचं,
आणि लाकूड लांबच लांब उलगडत यायचं,
ओलं, गुलाबी, कापडाच्या ताग्यासारखं.
शेवटी उरायचा मनगटाएवढा दांडा.
तो चुलीसाठी घरी यायचा.
घरभर सरसाचा वास, डोळ्यांत पाणी,
आई म्हणायची, हा पगाराचा वास आहे.

मला बेरीज त्यानंच शिकवली, बोटांवर.
नऊ अधिक सहा.
हातचा एक धर, म्हणायचा,
आणि उजव्या हातावर धरायला
जागाच नसायची.
दोन बोटं गिरणीत राहिली होती.
आठांवर मोजायला शिकलेली मी
शाळेत बरेच दिवस चुकत होते.

ताळा आजही जुळत नाही.
हमदियाकडून जेवढं निघालं
त्याहून जास्त आमच्याकडे पोचलं.
रात्री डोंगर उतरून आलेल्या ओंडक्यावर
सकाळी आमचा शिक्का बसला असेल,
किंवा कुणी घनमीटरच्या जागी टन लिहिले असतील,
किंवा दोन्ही.
साहेब म्हणतात, फरक किरकोळ आहे,
खाली बारीक अक्षरात टीप द्या.

आपाय सांगायचा,
फळीचे थर नेहमी विषम. तीन, पाच, सात.
सम ठेवलेस तर फळी पिळवटते.
मधला थर आडव्या रेषांचा,
बाहेरून दिसत नाही, भार तोच घेतो.
मी तक्त्याकडे बघते.
दोनच रेषा.
तिसऱ्या रंगाचं पेन खणात आहे,
पण कशाची काढू?
उंगात, यंत्रचालक, आठ बोटं,
याचं एकक काय?

टीप लिहिली. मग फोन पुन्हा वाजला.
हमदिया होती, कामाचं काही नव्हतं.
विचारत होती,
तुमच्या नदीत अजून ओंडके दिसतात का गं?
मी खिडकीशी गेले.
बराच वेळ काही नाही, एक प्रवासी होडी,
मग एक आला, एकटाच, साल निघालेला,
कुणाचा शिक्का आहे ते वरून दिसेना.
आहे एक, म्हटलं. धरू का मोजणीत?
ती हसली, मीही.
मग तिला खोकला आला
आणि तो थांबेपर्यंत
ओंडका पुलाखालून गेला होता.