सहावी चौकट

अशफाकच्या दुकानाबाहेर
कूलरच्या जुन्या ताट्यांचा ढीग, त्यावर एक कुत्रं झोपलेलं.
मे महिना. साडेसात वाजून गेले
तरी गोळीबार चौकाचं डांबर चपलेला धरून ठेवतं.
मी स्कोअरची वही मांडीवर घेऊन बसलोय.
रविवारी सामना आहे, नव्या पद्धतीचा:
एका बाजूला पन्नास चेंडू,
पाच चेंडूंचं षटक,
चहापान नाही.

"पन्नास?" हेडाऊकाका म्हणाले,
"पन्नास चेंडूत आमच्या वेळचा ओपनर खातं उघडत नव्हता.
मी नऊवारी मांगतली
आन् तुमी हातरुमाल फाडून देऊन रायले."
चाळीस वर्षं त्यांनी माग चालवला.
धोट्याचा आवाज थांबला तेव्हापासून
ते जरा मोठ्यानंच बोलतात.

प्रणय निनावे हेल्मेट काढत नाही, काच तेवढी वर करतो.
पाठीवर जेवणाची चौकोनी पेटी.
"पाच दिवस आहेत कोनाजवळ, काका?
मले दोन ऑर्डरच्या मधात वीस मिनिटं भेटते.
हातरुमाल तर हातरुमाल,
घाम तर पुसला जाते."
फोन वाजला. गेला.
त्याच्या बाजूनं बोलायला कोणी उरलं नाही
म्हणून दोन वाक्यं मीच बोललो.
नीट जमली नाहीत.

अशफाक पंपाला पाणी दाखवत होता.
"एसी लावला, दहा मिनिटांत खोली गार. झालं.
कूलर रात्रभर भुरभुर करते,
अन् पहाटे चारले तुम्ही झोपेतच चादर ओढता.
ते चादर ओढनं म्हणजे कसोटी."
सगळे वा म्हणाले.
"तुझ्या घरी काय लावलंय?" मी विचारलं.
"एसी," तो म्हणाला. "पोरं ऐकत नाहीत."

शालू मेश्राम पंप न्यायला आली होती.
रविवारी आमचा नवा चेंडू तिच्या हातात.
इतका वेळ ती मोटरची वायर बोटाला गुंडाळत होती, म्हणाली,
"तुमचे लांब सामने होते ना काका,
तवा आमाले मैदान कवा भेटे?
दुपारी बारा ते दोन.
तुमी जेवाले गेले की.
हा सामना लहान आहे म्हनून
दिव्याखाली आमची पाळी आली."

कूलर रिकामाच फिरत राहिला.
काकांनी ताटीतली एक काडी उपसून दातात धरली,
मग काढली.
"येतो पाहाले.
पन मी त्याले क्रिकेट म्हननार नाही."
"नका म्हनू. या."

रविवार. पाचपावलीच्या मागचं मैदान,
चार दिव्यांतला एक मिचमिच करणारा.
माझी वही जुनी, छापील,
दर षटकाला सहा चौकटी.
सहावीवर मी घरूनच पट्टी धरून
काट मारून आणली होती, सगळ्या पानांवर,
पेन्सिल दोनदा तासून.

शालूचं दुसरं षटक.
टिंब. टिंब. टिंब. टिंब.
पाचवा तर बॅटच्या कडेला काहीतरी विचारून
उत्तर न घेता पुढे गेला.
कीपरनं चेंडू परत दिला,
आणि सवयीनं ती वळली,
मांडीवर चेंडू घासत
पार खुणेपर्यंत चालत गेली.
अंपायर टोपी पुढे धरून उभा.
ती तिकडे, खुणेपाशी.

दोरीपलीकडून काका ओरडले,
"अबे, एक राह्यला ना तिचा!"

रस्त्यावर प्रणयची गाडी. हॉर्न वाजवतच होता.
त्यालाही तेच म्हणायचं असेल,
किंवा नुसती वाट मोकळी हवी असेल.

मी काट मारलेल्या चौकटीवर पेन्सिल टेकवली.
खोडरबर घरी राहिला होता.