सुरुवातीचा आकडा

फेब्रुवारीत, उणे अठ्ठावीसला, थंडर बेमध्ये
माझ्या दुकानात शिरणारा माणूस
एकतर रस्ता चुकलेला असतो
किंवा नुकता निवृत्त झालेला.

आर्ने कोस्केला निवृत्त निघाला.
बुटांवरचा बर्फ त्यानं पायपुसण्यावर झटकला,
मिशीवरचा तसाच राहू दिला
आणि खिशातून चार घड्यांची यादी काढली.
एकतीस वर्षं धान्याच्या कोठारात तोलाई केलेलं अक्षर,
दाणा सांडलेला नाही कुठे.

तीस लिटरची बादली, झाकणासकट.
तेवीस लिटरचा काचेचा बुधला.
रबरी बूच, एअरलॉक, रस ओढायची नळी,
लांब दांड्याचा चमचा.
मी म्हटलं, बुचं ठोकायचं यंत्र विकत नका घेऊ,
शनिवारी भाड्यानं देते, पाच डॉलर.
तो म्हणाला, भाड्याच्या वस्तूनं
काही सुरू करता येत नाही.
मी गप्प बसले. धंदा माझाही आहे.

द्राक्षरसाच्या खोक्यांपाशी मात्र अडला.
खोक्यांवरच्या ऊन पडलेल्या टेकड्या
बराच वेळ बघत राहिला.
बायकोला लाल आवडते की पांढरी?
त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.
"इर्या कॉफी पिते."
मी लाल दिली.
लाल चुका पोटात घालते.

हायड्रोमीटर स्वतः उघडून दाखवला:
काचेची कांडी, बुडाशी वजन,
रसात सोडली की उभी तरंगते.
यीस्ट टाकण्याआधी एकदा आकडा बघायचा,
सगळं निवल्यावर पुन्हा.
मधल्या अंतरावरून ताकद कळते.
"पहिला चुकवू नका. तो नंतर मिळत नाही."
त्यानं ते लिहून घेतलं, खाली दोन रेघा मारल्या.
माझ्या बापानं असोरेसहून आल्यावर
चाळीस वर्षं काही न मोजता वाइन केली
आणि निम्मी शिरका झाली,
हे मी सांगितलं नाही.

तीनशे बारा डॉलर, वर कर.

एप्रिलमध्ये, सरोवरावरचा बर्फ फुटू लागला तेव्हा
ती आली. हातात कागदी पिशवी.
"तुम्हीच फिलोमेना? हे परत घ्याल का,
वापरलेलं नाही."
हायड्रोमीटर. मी लावलेली चिकटपट्टी जशीच्या तशी.

"तीन दिवस तो सूचना वाचत होता.
चमचा उकळला. दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळला.
तळघरात सौनाच्या भिंतीशी, उबेला,
बादली भरून तयार,
आणि हा चष्मा शोधायला वर गेला.
आमच्याकडे अकॉर्डियन आहे. दुर्बीण आहे.
होडीचा सांगाडा आहे, अठरा वर्षांचा.
सगळ्याची तयारी पूर्ण.
म्हणून मी पुडी फाडली.
आई दुधाला विरजण लावायची तशी,
अंदाजानं."

मग?

"मग तो खाली आला. 'पहिला आकडा!'
एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला,
बँक बुडाल्यासारखा.
त्या रात्री एअरलॉक बोलायला लागला.
गुडुप. जरा थांबून, गुडुप.
बरोबर आमच्या पलंगाखाली.
किती वर्षांनी
आम्ही दोघं एकाच वेळी जागे होतो.
तो म्हणाला, मिनिटाला अकरा.
मी म्हटलं, बारा.
पुन्हा मोजलं."

मी काच परत घेत नाही. तिची घेतली.
पैशांऐवजी तिला यीस्ट हवं होतं,
परसात रास्पबेरी पुष्कळ लागतात म्हणाली.
एक पुडी. दारापर्यंत जाऊन परत आली: दोन.

"कडक झालीय का?" मी विचारलंच.
"तो म्हणतो, आता सांगता येणार नाही.
माझे गुडघे म्हणतात, झालीय."

ती गेल्यावर मी चिकटपट्टी सोडवली,
उंच नळकांड्यात नळाचं पाणी भरलं
आणि कांडी अलगद सोडली.
जरा डुलली. थांबली.
एक, आणि पुढे सगळी शून्यं.
बरोबर दाखवते अजून.
पुसून फळीवर ठेवली.