अडीच तास मागं

इरय्याकाका गेला तेव्हा अर्धी साखर पेठ स्टेशनावर.
बगलेत दोन चादरी, कडक भाकरी, शेंगाचटणी.
मुंबईहून बोट, ओडेसाहून आगगाडी,
लेनिनग्राड आम्हाला नकाशात सापडेना.

सहा महिन्यांनी उतरला तो तसाच,
कोट तेवढा दुसऱ्याचा.
आम्ही राजवाडे ऐकायला बसलेलो.
तो म्हणाला, "जूनमध्ये तिथं अंधारच पडत नाही."
मागावरचे हसले : मग तिसरी पाळी कशी ओळखायची?
"तेच की. मला झोप येईना.
मध्यरात्री पूल दुभंगून उभे राहतात, बोटींना वाट देतात.
मी पडलो अलीकडच्या काठावर,
चादर पांघरून, उजेडात."

दुसरी चादर गाडीत चहा देणाऱ्या ल्यूबाला दिली.
तिनं दिलं हे पितळी कडं, काचेच्या पेल्याचं.
पेला बोटीवरच फुटला.
कड्यात काकू विड्यांचा दोरा ठेवते.

परतीचे एकवीस दिवस तो सांगत नाही.
गिरणीचा भोंगा झाला की मनगट बघतो :
घड्याळ अजून तिकडचंच, अडीच तास मागं.

जेवायला मात्र, काकू म्हणते,
आपल्या वेळेवर हजर.