भिंतीवरचे आकडे

तीस जूनला शेवटची फेरी झाली,
गेटवर साखळी पडली
आणि जिप्सी उभी केली बैलांच्या कोठ्यात,
जिथं आता बैल नाहीत.

आधी काळी वायर. मग लाल.
हनीफभाईनं मूलच्या दुकानात
बोटांवर पाना आपटून शिकवलेलं:
काढताना काळी आधी, लावताना काळी शेवटी.
वीस वर्षं झाली, ते एक नख अजून वाकडंच वाढतं.

बॅटरी घरात आणली तर पुस्तकला म्हणाली,
"देवाजवळ नोको.
धानाच्या ढोलीजवळ तर बिलकुलच नोको.
मागच्या साली माह्या लुगड्याले भोकं पडली."
मग खिडकीखाली, मोहाच्या जुन्या पाटावर,
तीन महिन्यांची पाहुणी.
पाहुणचार म्हणजे
कोमट पाणी, खायचा सोडा, दातांचा टाकून दिलेला ब्रश;
टोकांवर आलेलं पांढरं-हिरवं फूल खरवडायचं
आणि वर बोटभर व्हॅसलिन.
सहा झाकणं उघडून पाहायचं
प्लेटा बुडाल्यात की उघड्या पडल्यात.
बोअरचं पाणी चालत नाही, वरून पडतं तेही नाही.
ज्याला काहीच चव नाही असं पाणी लागतं तिला,
बाटलीतलं, विकतचं.

दर पंधरा दिवसांनी मीटर लावतो
आणि खडूनं भिंतीवर लिहितो.
१२.६
१२.५
१२.५
लाईट असली तर रात्रभर चार्जिंग, सावकाश.
त्या रात्री चूल पडवीत.

जंगल बंद आहे म्हणतात.
कोणासाठी, ते पाटीवर लिहीत नाहीत.
रोवणीत दिवसभर वाकलेला असतो मी,
आणि एका सकाळी कोठ्यासमोर
ओल्या मातीत एक पंजा, मग दुसरा,
जिप्सीला पूर्ण चक्कर मारून नाल्याकडं उतरलेला.
ड्रायव्हरच्या बाजूला ठसा जरा जास्त खोल.
थांबला असेल.
तीन महिने आपल्याला कोणी पाहायला येत नाही,
याची चौकशी करायला आला असेल.

ऑगस्टात डीपी जळाली.
पाच दिवस गाव आंधळं.
चौथ्या रात्री कवडू नैताम गेला.
पोरगा सुरतहून निघालेला, तो येईस्तोवर ठेवायचं होतं.
वाऱ्यात मेणबत्ती टिकेना.
कवडूची बायको आमच्या दारात आली,
बोलली काहीच नाही,
नुसतं पाटाकडं पाहिलं.

मीच उचलली.
जिप्सीचा पुढचा बल्ब काढला, दोन वायरी पिळल्या.
रात्रभर जळला तो कवडूच्या उशाशी.
पाखरं पडत राहिली त्याच्या चादरीवर,
कोणी ना कोणी झटकत राहिलं.
पहाटे बल्ब पिवळा झाला,
मग विडीच्या टोकाएवढा.
तेवढ्यात पोरगा आला.

भिंतीवर त्या तारखेला १०.९.
बाजूला काही लिहिलं नाही.

सायकलच्या कॅरिअरवर बांधून मूलला नेली.
हनीफभाईनं मीटर लावला,
"मारून टाकली ना बे तू हिले,"
आणि मग हळू आवाजात, "कोन गेलं?"
दोन दिवस ठेवून घेतली, अगदी कमी अँपिअरवर,
आजाऱ्याला पेज पाजावी तशी.
पैसे पूर्ण घेतले.
वायर फुकट दिली.

१२.३. त्याच्या वर ती पुन्हा चढली नाही.

एक ऑक्टोबर, पहाटेचे चार.
लाल आधी. काळी सगळ्यात शेवटी.
पुस्तकला टॉर्च धरून उभी,
गाडीमागं कवडूचा पोरगा, धक्का द्यायला,
न बोलावता आलेला.
किल्ली फिरवली. नुसतं टक.
दुसऱ्यांदा खोकली, अडकली.
"घाई नोको करू," पुस्तकला म्हणाली,
मला की गाडीला, कळलं नाही.
तिसऱ्यांदा मात्र
पोराला जोर लावावाच लागला नाही.
तरी तो दहा-बारा पावलं मागून पळाला.

दिवाळीआधी पुस्तकलानं भिंत पोतारली
आकड्यांच्या कडेकडेनं, हात आखडत.
वीतभर जागा राहिली तशीच, मळकी.